चंचल चित्ताचे औषध
ज्या मुलाचे चित्त अभ्यासात ठरत नाही, त्याला लोक आळशी किंवा द्वाड म्हणत. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी अशा ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. १९३७ साली त्यांनी लिहिले, की सुमारे निम्मी मुले अभ्यासात एकाएकी रस घेऊ लागली!

आज या विकाराला एडीएचडी म्हणतात. हा स्वभावाचा दोष नसून मेंदूच्या वाढीतील वेगळेपण आहे. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते; पण केवळ औषधाने भागत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलास रोज ९ ते १२ तास झोप हवी. अभ्यासाची वेळ ठरलेली असावी आणि मोठ्या कामाचे लहान भाग पाडावेत. शिक्षेने जे साधत नाही, ते सवयीने व समजुतीने साधते.