दुष्काळी गावचा वल्हेकरी

चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचं गाव आहे. पाऊस बेताचा. पोहायला शिकावं एवढं पाणी तिथं कुठलं? या गावचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायला जाई. तोच दत्तू २०१६ साली ब्राझील देशात, रिओ शहरी ऑलिंपिकला गेला. कशासाठी? होडी वल्हवण्यासाठी!

हे घडलं कसं, ते पाहू.

२०१२ साली दत्तू फौजेत भरती झाला. वय एकवीस. तोवर शर्यतीच्या होडीशी त्याचा संबंध नव्हता. उलट पाण्याची भीतीच वाटे. पण गडी सहा फुटांहून उंच. फौजेत ही उंची हेरली गेली आणि त्याच्या हाती वल्ही आली.

उंचीच का पाहिली? शर्यतीच्या होडीत पाठ पुढं करून बसतात. बसायची फळी सरकती असते. पायांनी रेटा द्यायचा, हातांनी वल्हं ओढायचं. हातपाय लांब असले की एका खेपेला वल्हं पाण्यात जास्त लांब ओढता येतं. शिवाय विहिरीवरच्या कामाची मेहनत अंगात मुरलेली. तीही उपयोगी पडली असणार.

रिओला एकट्यानं वल्हवायच्या शर्यतीत दत्तू तेरावा आला. अंतर दोन किलोमीटर. २०१८ साली इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. तिथं चौघांच्या होडीनं सुवर्णपदक जिंकलं. त्या चौघांत दत्तू होता.

लांब पल्ल्याच्या धावण्याला मात्र हलकी अंगकाठी बरी. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत दहा हजार मीटर धावून तिनं कांस्यपदक मिळवलं.

आता आपल्या पोरांकडे वळू. बारा वर्षांचा मुलगा शाळेत पहिला आला की आईबाप म्हणतात, हा नाव काढणार. मागं राहिला की म्हणतात, याच्यात दम नाही. दोन्ही बोलणी घाईची! या वयात कुणी लवकर वाढतो, कुणी उशिरा. आधी वाढलेला सहज जिंकतो. तीनचार वर्षांनी दुसराही वाढतो आणि फरक पुष्कळसा मिटतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात पळतात. त्यांच्यातलं अकरा महिन्यांचं अंतर कोण धरतो?

जाणता शिक्षक नुसता नंबर पाहत नाही. वर्षभरात मुलगा किती सुधारला, शिकवलेलं किती लवकर उचलतो, हे पाहतो. आईबापाची उंचीही पाहतो. तरीसुद्धा पुढचं नेमकं सांगणं कुणालाच साधलेलं नाही.

घरी एवढं करता येईल. दर दिवाळीला मुलाला, आणि मुलीलाही, दाराच्या चौकटीशी उभं करा. कोळशानं उंचीची खूण करा. शेजारी तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येतंच.