एक्स-रे स्वच्छ, तरी धाप का?

प्रश्न : वडिलांचं मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन दीड वर्ष झालं. दहा दिवसांपासून कोरडा खोकला आणि बारीक ताप आहे, जिना चढताना धाप लागते. एक्स-रे स्वच्छ आला, तरी डॉक्टर बुरशीच्या न्यूमोनियाचा संशय घेतात. असं होऊ शकतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : होऊ शकतं, आणि त्यांनी संशय घेतला हे फार बरं झालं. न्यूमोनिया म्हटलं की हुडहुडी, पिवळा बेडका, एक्स-रेवरचा पांढरा डाग आठवतो. यातला बराचसा गाजावाजा जंतूशी झुंजणाऱ्या आपल्याच पेशी करतात. प्रत्यारोपणानंतर त्याच पेशी औषधांनी दाबून ठेवलेल्या असतात, म्हणून आजार मुक्यानं वाढतो.

डॉक्टरांच्या मनात बहुधा न्यूमोसिस्टिस जिरोव्हेसी ही बुरशी असावी. ती वायुकोशांच्या भिंतींना चिकटते. सुरुवातीला एक्स-रेवर काहीच दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये मात्र दुधी काचेसारखा धुरकटपणा दिसतो. बसल्या जागी ऑक्सिजन ९७ आणि खोलीत दोन फेऱ्या मारताच ८८, हे तिचं ठळक लक्षण. क्वचित ती आणखी वेगळी रूपं घेते : फुफ्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठते, गाठी दिसतात, किंवा वरच्या भागात पोकळ्या होतात आणि क्षयच वाटतो.

१९८१च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांना हाच न्यूमोनिया झाल्याची नोंद छापून आली. एड्सची ती पहिली चाहूल. एचआयव्हीत हा आजार आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. प्रत्यारोपण, कर्करोग किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत तो काही दिवसांत गंभीर होतो. शिवाय त्यांच्या फुफ्फुसात बुरशी कमी संख्येनं असते, त्यामुळे तपासणीत निसटते. म्हणूनच दुर्बिणीतून फुफ्फुस धुऊन ते पाणी तपासतात.

१९८८पर्यंत हिला बुरशी मानतच नव्हते, आदिजीव समजत. नेहमीची बरीच बुरशीनाशकं हिच्यावर चालत नाहीत, कारण ती ज्या एर्गोस्टेरॉलवर घाव घालतात ते हिच्या पेशीपटलात नसतंच. जुनं, स्वस्त को-ट्रायमोक्साझोल मात्र चालतं.

दुर्बीण तपासणी सुचवली असेल तर लांबवू नका. प्रत्यारोपणाच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि आजच वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावा, बसून आणि चालून. दोन्ही आकडे डॉक्टरांना कळवा. चालताना आकडा घसरला तर उद्याची वाट पाहू नका.