रेणू जास्त कशात? बहुपर्यायी प्रश्नाची उकल

प्रश्न : ३ ग्रॅम हायड्रोजन, १७ ग्रॅम अमोनिया, ३२ ग्रॅम ऑक्सिजन आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड यांपैकी सर्वाधिक रेणू कशात, हे कसे ओळखावे?

उत्तर : रेणूंची संख्या वस्तुमानावर नव्हे, तर मोलसंख्येवर ठरते, १ मोलमध्ये ६.०२२ × १०²³ रेणू असतात. म्हणून प्रत्येक पर्यायातील ग्रॅमना रेणुवस्तुमानाने भागावे. अमोनिया (१७), ऑक्सिजन (३२) आणि कार्बन डायऑक्साइड (४४) प्रत्येकी १ मोल भरतात. हायड्रोजनचे रेणुवस्तुमान २ असल्याने तो १.५ मोल भरतो, उत्तर हायड्रोजन. मोठा आकडा पाहून ४४ ग्रॅम निवडणे चूक ठरते.

प्रश्नात ‘अणू’ विचारले असतील, तर मोलसंख्येला एका रेणूतील अणूंच्या संख्येने गुणावे. अमोनियात ४ मोल अणू, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइडमध्ये प्रत्येकी ३, ऑक्सिजनमध्ये २, उत्तर अमोनिया.