अक्षांश-रेखांशांचे वाक्यपृथक्करण

ग्रामपंचायतीची विहीर, शाळेची नवी खोली, पाझर तलावाचा बांध, रस्त्याच्या कडेने लावलेली रोपे, यांपैकी कोणत्याही कामाची शासकीय नोंद करावयाची झाली, की आता त्या नोंदीत अक्षांश व रेखांश असे दोन आकडे मागितले जातात. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून उभ्या राहिलेल्या मत्तांची अशी स्थाननोंद करण्यास २०१६ मध्ये प्रारंभ झाला. टंचाईच्या काळात गावोगाव पाणी पोहोचविणाऱ्या टँकरांवर जीपीएस यंत्रे बसविण्याची अट राज्यात घालण्यात आली, तीही टँकरच्या खेपांचा हिशेब चोख राहावा म्हणूनच. हे आकडे एकदा नोंदवहीत शिरले, म्हणजे ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जातात, नकाशावर ठिपके होऊन बसतात, आणि त्यांच्या आधारे देयके निघतात किंवा अडतात. ते मुळात कोठून आले व कसे वाचले गेले, ही विचारणा मात्र क्वचितच होते.

वस्तुतः ही विचारणा करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. जीपीएसचे मॉड्यूल म्हणून मिळणारा एक लहानसा फलक, एखादा साधा संगणक आणि पायथनसारख्या भाषेत लिहिलेल्या पंधरा-वीस ओळी, एवढ्या सामग्रीवर माध्यमिक शाळेतील विद्यार्थीदेखील हे आकडे त्यांच्या मूळ स्वरूपात पाहू शकतो. हे काम यंत्रशास्त्राइतकेच भाषेचेही आहे, ही गोष्ट विशेषतः मराठीच्या शिक्षकांना रुचेल. कारण हे मॉड्यूल जे सांगते, ते वाक्यांतून सांगते, आणि त्या वाक्यांचे पृथक्करण चुकले, तर विहीर एका तालुक्यातून उठून दुसऱ्या तालुक्यात जाते.

आकाशातील दवंडी

उपग्रह आपल्याला वरून पाहतो व आपले ठिकाण यंत्राला कळवितो, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो खरा नव्हे. जीपीएस ही अमेरिकेने उभारलेली व्यवस्था. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह गावच्या दवंडीवाल्याप्रमाणे सर्वांसाठी एकच पुकारा करीत असतात: मी अमुक उपग्रह, माझी कक्षा अशी, आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत. दवंडी कोणी ऐकली, याची त्यांना वार्ताही नसते. ठिकाण शोधण्याचे सारे गणित खालच्या मॉड्यूलमध्ये होते.

संदेश निघाल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ यांतील अंतराला प्रकाशाच्या वेगाने गुणले, म्हणजे उपग्रह किती दूर आहे ते कळते. प्रकाश एका सेकंदाच्या दहालाखाव्या भागात ३०० मीटर जातो. मॉड्यूलमधील स्वस्त घड्याळ एवढे अचूक असणे शक्य नाही. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञातांच्या जोडीला घड्याळाची चूक हे चौथे अज्ञात धरावे लागते, आणि चार अज्ञातांसाठी किमान चार उपग्रह लागतात. स्लॅबखाली किंवा दाट झाडीत मॉड्यूल गप्प का बसते, याचे उत्तर यातच आहे. उघड्या आकाशाखालीही पहिले उत्तर मिळण्यास अर्धा-एक मिनिट लागू शकते, कारण प्रत्येक उपग्रहाला आपल्या कक्षेची माहिती एकदा सांगून होण्यास ३० सेकंद लागतात. तेवढा धीर धरला पाहिजे.

जोडणी आणि पहिल्या ओळी

मॉड्यूलला बहुधा चार तारा जोडावयाच्या असतात: एक विजेची, एक भूतार, एक बोलण्याची व एक ऐकण्याची. मॉड्यूलची बोलण्याची तार संगणकाच्या ऐकण्याच्या टोकाला जोडावयाची, हे उघड असले तरी प्रत्यक्षात विसरले जाते. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरल्यास त्याच्या टोकांना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक दाब सोसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. घरचा किंवा शाळेचा जुना संगणक असेल, तर यूएसबीला जोडणारा लहानसा जोडतुकडा मध्ये घालावा लागतो.

पायथनमध्ये 'पायसिरीअल' नावाचा तयार संच आहे. त्याला मार्गाचे नाव व बोलण्याचा वेग सांगावयाचा. पुष्कळशा मॉड्यूलांचा मूळ वेग ९६०० असतो. वेग जुळला नाही, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांचा सडा पडतो. मॉड्यूल बिघडले असे समजून ते परत करण्यापूर्वी हा आकडा पाहावा. तद्नंतर 'रीडलाइन' या आज्ञेने एकेक ओळ वाचावयाची आणि 'स्प्लिट' या आज्ञेने स्वल्पविरामांपाशी तिचे तुकडे करावयाचे. कार्यक्रमाचा कणा एवढाच. पहिली ओळ बहुधा मध्येच तुटलेली मिळते. ती सोडून द्यावी.

मॉड्यूलची वाक्ये जहाजांवरील उपकरणांसाठी ठरविलेल्या एका अमेरिकी संकेतानुसार रचलेली असतात. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते. मूळची रोमन अक्षरे नागरीत लिहिली, तर एक वाक्य असे दिसेल:

$जीपीजीजीए,०८३०१५.००,१८५५.६०००,एन,०७२४९.६०००,ई,१,०८,१.१,१२.०,एम…

पहिला तुकडा वाक्याचे नाव. त्यातील 'जीपी' म्हणजे केवळ जीपीएसच्या आधारे काढलेले उत्तर. अनेक देशांच्या उपग्रहमालांची सांगड घालणारी मॉड्यूले तेथे 'जीएन' लिहितात. म्हणून कार्यक्रमात पूर्ण नाव न शोधता शेवटची तीन अक्षरे तपासणे शहाणपणाचे. पुढे वेळ, अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, उत्तराचा दर्जा, वापरलेल्या उपग्रहांची संख्या, आकाशातील त्यांच्या मांडणीचा गुणांक (हा जितका लहान तितका बरा) आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. पायथन शून्यापासून मोजते. त्यामुळे नाव शून्याव्या स्थानी, वेळ पहिल्या आणि अक्षांश दुसऱ्या स्थानी येतो.

वाक्याच्या शेवटी ताराचिन्ह व दोन अक्षरे असतात. तो हिशेबाचा ताळा होय. डॉलर व तारा यांच्यामधील सर्व अक्षरांवर ठरलेली क्रिया करून येणारे उत्तर त्या दोन अक्षरांशी जुळले, तरच वाक्य वाटेत बिघडले नाही असे म्हणता येते. 'पायएनएमईए२' हा तयार संच वापरल्यास ताळा पाहण्याचे काम त्याच्यावर सोपविता येते. तथापि शिकताना ते एकदा स्वतः करून पाहण्यात मौज आहे.

साठाचा भागाकार

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू. वरील वाक्यातील अक्षांशाचा तुकडा १८५५.६००० असा आहे. हे ठिकाण मुंबईत मंत्रालयाच्या आसपासचे. तो आकडा पाहताच दशांशचिन्ह दोन घरे डावीकडे सरकवून १८.५५६ अंश असे लिहिण्याचा मोह होतो. येथेच घात होतो. त्या तुकड्यातील पहिले दोन अंक अंशांचे आहेत आणि उरलेला ५५.६ हा भाग कलांचा आहे. एका अंशाच्या कला साठ, शंभर नव्हेत. म्हणून ५५.६ ला ६० ने भागून येणारे ०.९२६७ हे १८ मध्ये मिळवावयाचे. खरा अक्षांश १८.९२६७ अंश. रेखांशात अंशांना तीन अंक असतात, तेथे ०७२४९.६ म्हणजे ७२ अंश ४९.६ कला, अर्थात ७२.८२६७ अंश.

साठाचा भागाकार न करणाऱ्या कार्यक्रमाने मंत्रालय कोठे नेऊन ठेवले असते? सुमारे ४१ किलोमीटर दक्षिणेला व ३५ किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे अलिबागच्या पश्चिमेस भर अरबी समुद्रात. समुद्रात पडलेले मंत्रालय कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. परंतु हीच चूक मराठवाड्यात किंवा विदर्भात झाली, तर ठिपका जमिनीवरच पडतो, शेजारच्या एखाद्या तालुक्यात पडतो, आणि तेथेही विहिरी असतातच.

या चुकीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. आपल्या गोलार्धात ती ठिकाणाला नेहमी दक्षिणेकडे व पश्चिमेकडेच ढकलते. शिवाय ती सर्वत्र सारखी नसते. कला शून्याच्या जवळ असतील तेथे चूक जवळजवळ नाहीशी होते. ३ कलांपाशी ती सुमारे दोन किलोमीटर असते, आणि ५९ कलांपाशी ४३ किलोमीटरांवर जाते. एखाद्या गावी चाचणी घेतली व ठिपका बरोबर पडल्यासारखा वाटला, तेवढ्यावरून कार्यक्रम निर्दोष ठरत नाही. जिल्ह्यातील नोंदी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नैर्ऋत्येकडे सरकलेले ठिपके दिसले, तर त्याने सर्वप्रथम साठाच्या भागाकाराचा संशय धरावा.

दुसरी गोष्ट उत्तराच्या दर्जाची. सहाव्या स्थानी शून्य असेल, तर मॉड्यूलला ठिकाण सापडलेलेच नाही. एक असेल तर साधे उत्तर आहे. दोन असेल, तर बाहेरून मिळालेल्या दुरुस्तीसह दिलेले उत्तर आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्था व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली 'गगन' ही सेवा अशी दुरुस्ती पुरविते. दर्जा शून्य असताना अक्षांशाचा तुकडा सहसा कोरा असतो, आणि कोऱ्या तुकड्याची संख्या करावयास सांगितली की पायथनचा कार्यक्रम तक्रार करून थांबतो. ही तक्रार टाळण्यासाठी काही मंडळी कोऱ्या जागी शून्य भरतात. हे फार वाईट. शून्य अक्षांश व शून्य रेखांश हे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील समुद्रात खरेखुरे अस्तित्वात असलेले ठिकाण आहे. ठिकाण सापडले नसेल, तर नोंदीची जागा कोरीच राहू द्यावी.

वेळ, खेपा आणि किलोमीटर

वाक्यातील ०८३०१५ ही वेळ सकाळचे साडेआठ दाखविते. मात्र ती जागतिक प्रमाणवेळ आहे. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे दुपारचे दोन वाजून १५ सेकंद. टँकरच्या बाबतीत हा केवळ तपशिलाचा प्रश्न राहत नाही. पहाटे चार वाजता उद्भवावरून निघालेला टँकर मॉड्यूलच्या हिशेबी आदल्या दिवशी रात्री साडेदहाला निघालेला असतो. वेळेत साडेपाच तास मिळवून तारीख तशीच ठेवली, तर ती खेप आदल्या दिवसाच्या खाती पडते आणि गावाला त्या दिवशी एक खेप कमी मिळाल्याचे दिसते. तारीख 'आरएमसी' नावाच्या दुसऱ्या वाक्यात येते. वेळ व तारीख एकत्र करून मगच दोन्हींना पुढे न्यावे.

त्याच वाक्यात वेगही असतो, परंतु तो जहाजांच्या रिवाजाप्रमाणे नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ताशी ४० किलोमीटरने जाणारा टँकर तेथे २१.६ असा दिसेल. 'आरएमसी'मध्ये 'ए' हे अक्षर वैध उत्तराचे व 'व्ही' हे अक्षर अविश्वसनीय उत्तराचे चिन्ह आहे. 'व्ही' असलेली ओळ हिशेबात धरू नये.

उभ्या वाहनाचेही किलोमीटर वाढतात, ही बाब लेखापरीक्षकांना चमत्कारिक वाटेल. मॉड्यूल जागेवर असले तरी त्याचे उत्तर थोडे थोडे हलत राहते. प्रत्येक सेकंदाला ते अर्धा मीटर जरी सरकले असे धरले, आणि कार्यक्रमाने ती सारी अंतरे बेरजेत घेतली, तर तासाभरात न हललेला टँकर १.८ किलोमीटर चाललेला दिसतो. यास्तव ठरावीक वेगाखालील हालचाल बेरजेतून वगळावी लागते, आणि ती मर्यादा कोणती धरली, हे अहवालात लिहिले पाहिजे.

किती विश्वास ठेवावा

साध्या मॉड्यूलच्या वाक्यात कलांचे चार दशांश अंक येतात. चौथा अंक जमिनीवर सुमारे १८ सेंटिमीटरांचा असतो. त्यावरून मॉड्यूल वितीएवढे अचूक आहे, असे मानण्याचे कारण नाही. उघड्या आकाशाखाली पाच मीटरच्या आसपासची चूक स्वाभाविक समजावी. भिंतींच्या किंवा डोंगराच्या कुशीत ती वाढते. विहीर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, हे सांगण्यास हे पुरेसे आहे. बांध कोणाच्या हद्दीत आहे, हे सांगण्यास मुळीच नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांच्या ड्रोन-मोजणीला कायम संदर्भस्थानकांच्या जाळ्याचा आधार दिला जातो, तो याच कारणासाठी. भावकीतील वादात खिशातल्या फोनवरील आकडे पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांना सरपंचांनी हे समजावून सांगावे.

जुन्या नकाशांची गोष्ट आणखी वेगळी. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीगोलमानावर काढलेले आहेत, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ हे मान वापरते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुल्या नकाशांची जी मालिका निघाली, ती नव्या मानावर आहे. मॉड्यूलचा आकडा जुन्या कागदावर तसाच मांडला, तर ठिपका सरकणारच. तेथे दोष यंत्राचाही नसतो व कागदाचाही नसतो.

शाळेसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. मॉड्यूल ध्वजस्तंभाच्या ओट्यावर ठेवून तासभर वाक्ये नोंदवावीत आणि त्यांतून निघणारे अक्षांश-रेखांश आलेखाच्या कागदावर मांडावेत. एकाच जागेचे ठिपके केवढ्या परिघात विखुरतात, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. दुसऱ्या दिवशी तेच मॉड्यूल व्हरांड्यात ठेवावे व दोन्ही आलेख शेजारी लावावेत. नोंदीच्या धारिकेत पहिल्या रकान्यात मॉड्यूलचे मूळ वाक्य ताळ्यासह जसेच्या तसे ठेवावे. त्यापुढे अंशांत रूपांतरित केलेले आकडे, दर्जा, उपग्रहांची संख्या आणि भारतीय वेळ. ग्रामपंचायतीने अशी नोंदवही ठेवावयाची ठरविली, तरी रकान्यांचा क्रम हाच राहावा. रूपांतरात पुढे कधी शंका निघाली, तर पुन्हा विहिरीपर्यंत जावे न लागता मूळ वाक्यावरून आकडा नव्याने काढता येतो.