दुकानाच्या टायमात अपडेट नको! व्हॉट्सॲप बिझनेस वापरणाऱ्यांसाठी सेटिंग

व्हिडिओत सेटिंग भराभर दाखवली, म्हणून इथे सावकाश लिहितो.

अमरावतीच्या बिझीलँडमधला होलसेलर असो की अकोल्याच्या टिळक रोडवरचं कापड दुकान, ऑर्डर आता व्हॉट्सॲपवरच येते. आणि नेमकं गिऱ्हाईक समोर असताना कॉम्प्युटर अपडेटसाठी रिस्टार्ट होतो. मग "काहून बंद पडलं भाऊ?"

आधी कॉम्प्युटर बघू. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ॲक्टिव्ह अवर्स. तिथे 'मॅन्युअली' निवडून सकाळी ९ ते रात्री १० टाका. जास्तीत जास्त १८ तास देता येतात. या वेळात विंडोज अपडेटसाठी आपोआप रिस्टार्ट होत नाही. पण रात्री मेन स्विचच पाडून घरी गेलात, तर बिचारा अपडेट होणार कधी? म्हणून दुकान बंद करताना 'अपडेट अँड शट डाऊन' दिसलं की तेच दाबा आणि काम होईपर्यंत वीज चालू ठेवा.

फोनच्या प्ले स्टोअरमध्ये अशी वेळ टाकता येत नाही. सेटिंग्जमधल्या नेटवर्क प्रेफरन्सेसमध्ये ऑटो-अपडेट 'ओव्हर वाय-फाय ओन्ली' करा आणि फोन रात्री घरच्या वाय-फायवर चार्जिंगला लावा.

"अपडेटच बंद करून टाकतो" म्हणणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. नका करू. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलिंगमधली एक त्रुटी समोर आली. कॉल उचलला नाही तरी फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरू शकत होतं. बिझनेस ॲपही त्यात होतं आणि इलाज म्हणजे नवं व्हर्जन. शिवाय फार जुनं व्हर्जन व्हॉट्सॲप स्वतःच बंद करतं, आणि तो दिवस ऐन लग्नसराईतला निघू शकतो.