स्तनाची पुनर्रचना व त्वचेचा रक्तपुरवठा

१९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो या शल्यविशारदांनी सिलिकोनची पिशवी प्रथम स्त्रीच्या स्तनात बसविली. कर्करोगामुळे काढलेल्या स्तनाच्या पुनर्रचनेसाठीही अशी पिशवी वापरतात. ती निर्जीव असल्याने सारी भिस्त वरच्या पातळ त्वचेवर असते. आणि त्या त्वचेच्या बऱ्याच रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेतच तुटलेल्या असतात. तंबाखूतील निकोटीन उरलेल्या वाहिन्याही आकुंचित करते. मिश्री हीदेखील तंबाखूच होय! रक्त न पोचल्यास त्वचा काळी पडून मरते, पिशवी उघडी पडते, जंतुसंसर्ग होतो व अखेर ती काढावी लागते. स्थूलता व अनियंत्रित मधुमेह यांमुळेही हा धोका वाढतो. किरणोपचाराने पिशवीभोवतीचे तंतुमय वेष्टन आवळण्याचा संभव असतो. परंतु कर्करोगासाठी आवश्यक असलेला तो उपचार टाळणे योग्य नव्हे. तंबाखू मात्र शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे सोडता येते.