‘पिलिपिनो’ ते ‘फिलिपिनो’ : एका राष्ट्रभाषेची घडण



मुलाची घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत अंतर असले म्हणजे वर्गात कोणती अडचण उभी राहते, हे वाडीवस्तीवर काम करणाऱ्या शिक्षकांस सांगावयास नको. हाच प्रश्न एका संपूर्ण राष्ट्रापुढे उभा राहिला तर त्याची उकल कशी होते, हे फिलिपीन्सच्या उदाहरणावरून चांगले समजते. म्हणून या अभ्यासलेखासाठी तो विषय निवडला आहे.

पार्श्वभूमी

फिलिपीन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश असून तेथे दीडशेच्या वर भाषा बोलल्या जातात. टागालोग, सेबुआनो, इलोकानो व हिलिगायनोन या त्यांपैकी प्रमुख होत. त्या एकाच कुळातील असल्या तरी एकीचा भाषक दुसरी सहज समजू शकत नाही. देशावर १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता होती. त्यानंतर अमेरिकेची आली. १९०१ साली सार्वजनिक शाळांची पद्धती सुरू झाली व इंग्रजी हे माध्यम ठरले. त्याच वर्षी ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिला बंदरात उतरले. अशा रीतीने ज्या मुलाने इंग्रजीचा एक शब्दही ऐकलेला नव्हता, त्यास पहिल्याच दिवसापासून परक्या भाषेत शिकणे भाग पडले.

राष्ट्रभाषेची निवड

१९३५ च्या संविधानाने देशातील एखाद्या प्रचलित भाषेच्या आधारावर समान राष्ट्रभाषा विकसित करावी, असे ठरविले. १९३६ साली ‘राष्ट्रभाषा संस्था’ स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख हाइमे दे वेयरा हे स्वतः टागालोग-भाषक नव्हते. तरीही संस्थेने टागालोगची शिफारस केली. कारण ती राजधानीची भाषा होती व तिच्यात ग्रंथरचनाही बरीच झाली होती. ३० डिसेंबर १९३७ रोजी अध्यक्ष मान्युएल केसोन यांनी तसे घोषित केले. लोपे सांतोस यांनी तिचे व्याकरण सिद्ध केले व १९४० पासून ही भाषा शाळांतून शिकविली जाऊ लागली.

परंतु घोषणेने भाषा निश्चित होते. ती सर्वांना आपली वाटेलच असे नाही. सेबुआनो-भाषकांची संख्या फार मोठी होती. ‘आमची भाषा मागे सारून शेजाऱ्याची भाषा राष्ट्राची कशी झाली?’ हा त्यांचा प्रश्न होता. ‘टागालोग’ हे नाव एका प्रदेशाचे वाटते, म्हणून १९५९ साली शिक्षण खात्याने भाषेचे नाव ‘पिलिपिनो’ केले. नाव बदलले, परंतु आशय तोच राहिला.

एका अक्षराचे महत्त्व

नाव ‘पिलिपिनो’ का, ‘फिलिपिनो’ का नाही? सांतोस यांच्या वर्णमालेत वीसच अक्षरे होती. टागालोगमध्ये मुळात ‘फ’ हा उच्चार नाही, म्हणून त्यास तेथे स्थान नव्हते. मात्र इबानाग, त्बोली इत्यादी भाषांत तो उच्चार आहे. म्हणजे राष्ट्रभाषेच्या अक्षरमालेतच काही देशबांधवांच्या ध्वनीला जागा नव्हती. १९७३ च्या संविधानाने ‘फिलिपिनो’ नावाची समान भाषा विकसित करण्याचे ध्येय ठेवले. १९८७ च्या संविधानाने फिलिपिनो ही राष्ट्रभाषा असून ती देशातील व इतर भाषांच्या आधारे समृद्ध होत जाईल, असे म्हटले. त्याच वर्षी अठ्ठावीस अक्षरांची वर्णमाला आली व तीत ‘फ’ला स्थान मिळाले. ‘प’च्या जागी ‘फ’ येणे, म्हणजे एकाची भाषा सर्वांची होऊ पाहणे होय.

शब्दांच्या बाबतीतही हाच अनुभव आला. विमानासाठी ‘सालिपाव्पाव्’ हा शब्द मुद्दाम घडविण्यात आला, परंतु लोक स्पॅनिशवरून आलेला ‘एरोप्लानो’ हाच शब्द वापरीत राहिले. उलट संस्कृतातून गेलेला ‘गुरो’ म्हणजे शिक्षक हा शब्द तेथे शेकडो वर्षे नांदत आहे. तात्पर्य, शब्द रुजतो तो वापराने, आज्ञेने नव्हे.

वर्गातील प्रयोग

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग इलोइलो प्रांतातील आहे. तेथील शाळाधिकारी होसे आगिलार यांनी १९४८ पासून १९५४ पर्यंत एक प्रयोग केला. काही वर्गांत पहिली दोन वर्षे हिलिगायनोन या स्थानिक भाषेत व तिसरीपासून इंग्रजीत शिक्षण दिले. इतर वर्गांत आरंभापासून इंग्रजीच ठेवले. घरच्या भाषेत शिकलेली मुले वाचन व गणितात पुढे गेली आणि इंग्रजीत आल्यावरही मागे राहिली नाहीत. १९५७ साली देशभर पहिल्या दोन इयत्तांस स्थानिक भाषेचे माध्यम मिळाले. पुढे १९७४ साली गणित व विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र पिलिपिनोत, अशी द्विभाषिक पद्धती आली. २०१२ पासून बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषा पुन्हा आली; परंतु २०२४ च्या कायद्याने तिची सक्ती काढली. पुस्तकांची टंचाई, शिक्षकांची अपुरी तयारी व एकाच वर्गातील अनेक भाषा या अडचणी पुढे आल्या होत्या. धोरण अशा रीतीने पुढे-मागे होत असते. मूल मात्र दररोज आपल्या समोर बसलेले असते.

आपल्यासाठी बोध

नोकरीच्या आरंभी खानदेशातील एका शाळेत मी असताना पहिलीतील एका मुलीने ‘माले पाणी पाहिजे’ असे म्हटले. मी तिला तिथल्या तिथे थांबवून फळ्यावर ‘मला’ असे लिहिले व सर्व वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतले. ती मुलगी पुढे आठवडाभर वर्गात बोलली नाही. मी शब्द शुद्ध केला, पण तोंड बंद केले. आज वाटते, आधी पाणी द्यावयास हवे होते. ‘मला’ दुसऱ्या दिवशीही शिकविता आला असता.

आपल्या संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदात प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा निर्देश आहे. प्रमाण मराठी प्रत्येक मुलास यावयासच हवी, यात शंका नाही. परंतु तिच्याकडे नेणारी वाट अहिराणी, कोरकू, गोंडी वा वारली बोलणाऱ्या घराच्या उंबऱ्यापासून निघते. ती वाट दाखविण्याचे काम शिक्षकाचेच होय.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत विचारार्थ

१. आपल्या वर्गातील मुलांच्या घरी कोणकोणत्या भाषा व बोली बोलल्या जातात, याची नोंद आपण केली आहे काय?

२. पहिलीच्या पाठांतील कोणत्या शब्दांना मुलांच्या बोलीत निराळे शब्द आहेत? त्यांची यादी मुलांकडूनच करून घ्यावी.

३. मुलाने बोलीत उत्तर दिले असता प्रथम त्याचा आशय स्वीकारून मग प्रमाण रूप कसे द्यावे, याचा एक नमुनापाठ सादर करावा.